रत्नागिरीच्या अंगणात गुलछडी

काश्मीरला जाऊन आलेली मंडळी मोबाइल भरून ट्यूलिपचे फोटो आणतात आणि विचारतात, आपल्याकडे का नाही होणार? कारण सोपे आहे. ट्यूलिपच्या कंदाला फुलण्याआधी 12 ते 14 आठवडे कडक थंडी लागते, आणि रत्नागिरीत डिसेंबरातही आपला पंखा चालूच असतो. फ्रिजमध्ये कंद गारवून कुंडीत एकदा फूल काढता येते. पुढच्या वर्षी पुन्हा नवे कंद. कंदांचीच हौस असेल तर गुलछडी, म्हणजे निशिगंध लावावा. तो मूळचा मेक्सिकोचा, उकाड्याला घाबरत नाही. घाबरतो तो साचलेल्या पाण्याला.

कंद म्हणजे जमिनीखालचा, अन्न साठवलेला गड्डा. तो सुपारीएवढा तरी हवा. बोराएवढ्या कंदाला पहिल्या वर्षी नुसती पातच येते. अंगठ्याने दाबून पाहावे. मऊ लागला तर आत कुजलेला समजावा. वासासाठी एकेरी पाकळ्यांची जात घ्यावी, दुहेरी दिसते छान पण दरवळ कमी.

आता जागा. इथे 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणून सपाट जमिनीत लावू नये. वीतभर उंच गादीवाफा करावा, म्हणजे भोवतालच्या जमिनीपेक्षा उंच मातीचा पट्टा. कुंडी असेल तर तळाचे भोक मोकळे ठेवावे आणि ती पागोळ्यांखाली ठेवू नये. माझे पहिले डझनभर कंद पागोळ्यांनीच गेले. ऑगस्टात उकरले तर हाताला नुसता चिखल आणि सालपटे.

मातीत कुजलेले शेणखत आणि नदीची वाळू मिसळावी. पुळणीतली वाळू फुकट मिळते खरी, पण तिच्यात मीठ असते. ताज्या शेणाबरोबर हुमणी येते, ती मुळे खाते.

लागवड मेच्या मध्यावर करावी, म्हणजे पावसाआधी मुळे धरतात. कंदाचे टोक वर, दोन इंच खोल, दोन कंदांत वीतभर अंतर. लावताना एकदा पोटभर पाणी द्यावे, मग कोंब दिसेपर्यंत माती सुकल्यावरच. चूक बहुधा इथेच होते: कोंब दिसत नाही म्हणून आपण रोज पाणी घालतो, आणि तो त्यामुळेच येत नाही.

तीनेक महिन्यांत, गणपतीच्या सुमारास दांडा वर येतो. कळ्या खालून उमलतात. खालच्या दोन उमलल्या की दांडा कापावा, वरच्या फुलदाणीत फुलतात. पात मात्र कापू नये, पुढचे कंद तीच पोसते.

फुललेला कंद पुन्हा फुलत नाही, त्याच्या कुशीतली पिल्ले फुलतात. दोन-तीन वर्षांनी गर्दी झाली की पात पिवळी पडल्यावर गड्डे काढावेत, माती झटकून सावलीत महिनाभर पसरावेत. मोठे पुन्हा वाफ्यात, बोराएवढे एका कोपऱ्यात वेगळे.