ऊब आणि रुबाब

थंडी म्हटली की लोकांना कुलू-काश्मीर आठवते. आमच्या वसईचे नाव कुणी घेत नाही. समुद्राच्या शेजारामुळे थंडी इथे मुक्काम ठोकत नाही, हे खरे. पण उत्तरेचे वारे सुटले की चार दिवसांची पाहुणी म्हणून ती येतेच. २२ जानेवारी १९६२ रोजी शेजारी सांताक्रूझला पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता!

या पाहुणीचा स्वभाव मात्र लहरी. पहाटे विरारच्या फलाटावर दात वाजतात आणि दुपारी चर्चगेटला घाम फुटतो. सिमल्याला शोभणारे जाड जाकीट घालून निघालेला गृहस्थ दादर येईतो ते काखोटीला मारून उभा असतो. उलट, संमेलनाच्या रात्री उघड्या मैदानात रेशमी साडी नेसून आलेल्या आमच्या विद्यार्थिनी शाल घरी ठेवून येतात. कारण काय, तर साडीचे काठ झाकले जातात! मग खांदे आखडतात, ओठ निळसर होतात आणि त्या सुंदर काठांकडे पाहायला कुणाचे लक्षच राहत नाही. कुडकुडणाऱ्या माणसाला कोणताच पोशाख शोभत नाही, हे माझे ठाम मत आहे.

वास्तविक ऊब काही जाड कापडातून येत नाही. ती कापडात अडकलेल्या हवेतून येते. म्हणून एका जाड कपड्यापेक्षा दोन पातळ कपडे बरे. ऊन चढेल तसा एकेक उतरवता येतो. सुती कापड घामाने भिजले की अंग गार पडते. लोकर मात्र आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पोटात घेऊनही कोरडी भासते. गाडीच्या दाराशी उभे राहणाऱ्यांनी वरचा कपडा घट्ट विणीचा घ्यावा. सैल विणीतून वारा थेट आत शिरतो.

आपल्या पूर्वजांना हे पुस्तकावाचून कळले होते. बाराबंदीचे दोन पदर छातीवर एकमेकांवर येतात. ऊबही होते आणि ऐटही राहते. तान्ह्या बाळाची कुंची डोके, कान आणि पाठ एकदम झाकते, आणि तिच्याइतका देखणा पोशाख मोठ्यांच्या वाट्याला क्वचितच येतो. भगिनींनी स्वेटर पदराच्या वर न घालता आत घालावा. पदर वरून घेऊन खांद्याशी टाचला की काठ दिसतात आणि थंडीही वाजत नाही. पुरुषांना सदऱ्यावर बिनबाह्यांचा स्वेटर आणि गळ्याशी मफलर पुरे.

आणि एक गोष्ट. आपल्या महाराष्ट्रात सत्कार म्हटला की शाल-श्रीफळ आलेच. श्रीफळाची चटणी होते. शाल डांबराच्या गोळ्यांसह कपाटात जाते. आम्हा मास्तर मंडळींच्या घरी तर अशा शालींची चळतच असते. आणि त्याच घरात म्हातारी आई कोपरावर विरलेला जुना स्वेटर घालून ओटीवर बसलेली असते. नवी शाल दिली तर म्हणते, ‘‘राहू दे रे, कुठे जायचं-यायचं असेल तेव्हा घेईन.’’ तिला कुठे जायचे असते? ती शाल तिच्या हाती देऊ नका, खांद्यावरच घाला. सत्काराचा खरा मान तिचाच आहे. आणि तशी बसलेली ती किती रुबाबदार दिसते, हे एकदा पाहाच!