आशा पुथली : कोलमनकडची दोन गाणी
मुंबईत हिंदुस्थानी संगीत शिकलेल्या आशा पुथली यांना ‘डिस्को गायिका’ म्हणून निकालात काढणं सोपं. ‘द डेव्हिल इज लूज’ (१९७६) हा त्यांचा अल्बम त्याला निमित्तही देतो. पण जाझ संगीतकार ऑर्नेट कोलमनच्या ‘सायन्स फिक्शन’ या अल्बमसाठी १९७१ मध्ये त्यांनी गायलेली गाणी ऐकावीत. तिथे पियानो नाही, गिटार नाही. चार सुषिरवाद्यं, दोन ड्रमवादक आणि चार्ली हेडनचा बास. स्वरसंगतीची तयार गादी नसल्यामुळे आवाज साथीवर रेलत नाही, तो पाचवं सुषिरवाद्यच होतो. रागदारीत स्वर एकट्याने पेलायची सवय इथे उपयोगी पडली असावी. गाणी दोनच, हा आक्षेप खरा. मात्र स्वतः सॅक्सोफोनवादक असलेल्या कोलमनने अल्बमची सुरुवात त्यांतल्याच एकाने केली आहे.