घाट चढताना किती वॅट?

सायकलने घाट चढून आले की अंग घामाने निथळते. पण त्यासाठी पायांनी किती शक्ती लावली, हे कसे सांगणार? त्यासाठी शक्तिमापक मिळतो. पेडलवर जोर दिला की त्यातील धातू किंचित ताणला जातो. त्या ताणावरून व पेडल फिरण्याच्या वेगावरून शक्ती कळते. पण हे यंत्र महाग असते. आपल्याजवळ घड्याळ, वजनकाटा व नकाशा एवढेच असले तर?

समजा, 2 किलोमीटर लांबीच्या रस्त्यावर 100 मीटरचा चढ आहे. मुलगी, सायकल व दप्तर मिळून वस्तुमान 65 किलोग्रॅम आहे आणि चढायला 10 मिनिटे लागली. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध झालेले कार्य 65 × 9.8 × 100 = 63,700 ज्यूल. त्याला 600 सेकंदांनी भागले की सुमारे 106 वॅट येतात. टायरचे घर्षण व हवेचा विरोध यांसाठी प्रत्येकी अंदाजे 13 वॅट धरा. एकूण झाले 132 वॅट. यातील 80 टक्के भाग आपण प्रत्यक्ष मोजलेल्या गोष्टींवरून आला आहे. अंदाजाचा भाग थोडाच आहे.

आता हीच मुलगी सपाट रस्त्यावर ताशी 25 किलोमीटर वेगाने जात आहे असे समजू. वारा नसताना तिला सुमारे 147 वॅट लागतील. त्यांपैकी 120 वॅट हवेलाच जातात! समोरून ताशी 7 किलोमीटरचा मंद वारा आला, तर तोच वेग राखायला सुमारे 226 वॅट लागतील. म्हणजे वारा लक्षात न घेतल्यास आपले उत्तर साफ चुकेल. चढावर मात्र तेवढ्याच वाऱ्याने 132 चे 153 होतात.

म्हणून मित्रांनो, प्रयोग चढावरच करा, तोही वारा पडलेला असताना. उंची समोच्च रेषांच्या नकाशावरून काळजीपूर्वक काढा. 100 मीटरमध्ये 10 मीटर चुकलात, तर 106 वॅटच्या आकड्यात 10 टक्के चूक होईल. सायकलीचे व दप्तराचे वजन विसरू नका. साखळीतही थोडी शक्ती खर्च होते, म्हणून पायांची खरी शक्ती किंचित जास्तच असणार.

आणि उत्तर 132.4 असे लिहू नका. 'सुमारे 130 वॅट' हेच प्रामाणिक उत्तर!