शेवटच्याची मजुरी

सकाळी भाईंदरच्या मजूर नाक्यावर घटकाभर उभे राहून पाहा. गवंडी, रंगारी, बिगारी हत्यारे पायाशी ठेवून कामाची वाट पाहत असतात. मुकादम येतो, चौघांना घेऊन जातो. ऊन चढते. उरलेल्यांना रिकाम्या हाताने घरी परतणे आले.

असाच एक नाका येशू ख्रिस्ताच्या दृष्टान्तात आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या 20व्या अध्यायातली ही कथा उत्तन-डोंगरीच्या ख्रिस्ती घरांना नवी नाही. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे मजूर आणतो, रोज एक दीनार ठरवतो. पुढे दिवसभरात तो पुनःपुन्हा नाक्यावर जातो. अगदी दिवस मावळायला तासभर उरला असतानाही! संध्याकाळी सर्वांच्या हातावर एकेक दीनार पडतो आणि पहाटेचे मजूर कुरकुरू लागतात.

आता छातीवर हात ठेवून सांगा, तुम्ही कोणाच्या बाजूचे? मी तर प्रथम कुरकुरणाऱ्यांच्याच बाजूचा होतो. पण त्यांचे गेले काय? ठरलेली मजुरी पुरी मिळाली. दुसऱ्याच्या हातावरचे नाणे दिसेपर्यंत ते समाधानीही होते. मनुष्यस्वभावाची मेख इथेच आहे. आपले सुख आपण स्वतःच्या ताटावरून मोजत नाही, शेजाऱ्याच्या ताटावरून मोजतो. येशूने ही खोड नेमकी ओळखली होती.

मग कष्टाला किंमत नाही का? आहे तर! पहाटेच्या मजुराचा पैसाही कापलेला नाही. उशिरा आलेला मात्र आळशी नव्हता. त्याला कोणी बोलावलेच नव्हते. आणि त्याच्या घरची भूक काही तासाभराची नव्हती.

धर्मपंडित या दानात ईश्वराची कृपा पाहतात. रस्किन यांनी 1860 साली याच कथेतले शब्द आपल्या अर्थशास्त्रावरील लेखमालेला नाव म्हणून दिले. 1904 साली गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत आगगाडीत ते पुस्तक वाचले, आणि त्याच वर्षी फिनिक्स वसाहत काढून सर्वांना सारखे वेतन ठरवले. 1908 साली त्याचा गुजराती सारांश त्यांनी लिहिला. नाव दिले ‘सर्वोदय’. कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या रायगडातल्या, गागोद्याचे विनोबा 1951पासून भूदानासाठी गावोगाव पायी हिंडले, ते हाच विचार घेऊन.

दुपारी नाक्यावरून जाल तेव्हा मागे उरलेल्या मजुराकडे एकवार पाहा. तो आळशी, असे मनात येईल. तेव्हा स्वतःला एवढेच विचारा : याला आज कोणी बोलावले होते का?