भरला काटा, रिकामा काटा

दौंड तालुक्यातल्या पाटसच्या शिवारातून उसाची खेप निघाली की शेतकऱ्याचं अर्धं मन ट्रॅक्टरमागे कारखान्यापर्यंत जातं. वर्षभर, आडसाली असेल तर दीड वर्ष, जपलेलं पीक आता दोन आकड्यांवर ठरणार असतं. वाहन भरलेलं असताना एकदा वजन, गव्हाणीत ऊस रिता झाल्यावर पुन्हा एकदा. भरल्या काट्यातून रिकामा काटा वजा केला की उरतं ते त्याचं उत्पन्न. ‘काटा मारला’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत उगाच रुळलेला नाही.

तसा हा शेतकरी विकणारा. पण दौंड-शिरूरच्या पट्ट्यात तो कारखान्याचं गिऱ्हाईकही आहे, कारण त्याच्यापुढे पर्याय आहेत. पाटसला भीमा सहकारी, आलेगावला दौंड शुगर, पाटेठाणला श्रीनाथ म्हस्कोबा, शिवाय तालुकाभर गुऱ्हाळं. ऊस कुणाला घालायचा, हे भावाइतकंच भरवशावर ठरतं. पाटसचा भीमा आणि शिरूरकडचा न्हावऱ्याचा घोडगंगा, दोन्ही धुराडी थंड पडलेली इथल्या सभासदांनी पाहिली आहेत. त्यामुळे नुसत्या शब्दावर विसंबणारे आता थोडेच.

मग भरवसा बसतो कशावर? आधी काट्याची रचना पाहू. वाहन ज्या लोखंडी फलाटावर चढतं, त्याखाली लोडसेल असतात. त्यांच्यावर पडणाऱ्या दाबाचा विद्युत संकेत होतो आणि केबिनमधल्या पडद्यावर आकडा उमटतो. फलाटाच्या कडेला चिखल, पाचट किंवा खडा अडकला, तरी आकडा हलू शकतो. म्हणून वाहन चढण्यापूर्वी पडद्यावर शून्य दिसलं पाहिजे, तेही खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माणसाला. प्रमाणित वजन फलाटाच्या चारही कोपऱ्यांवर आळीपाळीनं ठेवून सगळीकडे तोच आकडा येतो का, हे पाहणं ही साधी परीक्षा. वैधमापनशास्त्र विभागाची पडताळणी वर्षातून एकदा होते. हंगाम मात्र रोज, रात्रंदिवस चालतो.

फरक किरकोळ वाटतो, पण हिशेब करून बघा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्रानं १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर) ठरवली. वीस टनांच्या खेपेत एक टक्का घट म्हणजे दोन क्विंटल, म्हणजेच तोडणी-वाहतूक वजा होण्याआधीचे ७१० रुपये. एका खेपेचे! आणि काटा चोख असला, पण पडदा फक्त कारकुनालाच दिसत असला, तरी शेतकऱ्याच्या मनात एवढ्याच पैशांचा संशय राहतो. प्रामाणिक कारखान्यालाही तो संशय महागात पडतो. पुढच्या हंगामात उसाची नोंद दुसऱ्या कारखान्याकडे जाते.

वजनानंतर पैसे. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत रक्कम द्यावी लागते. उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दरानं व्याज. नियम चोख आहे. पण सोसायटीचं कर्ज, पोरांची फी आणि खोडव्याचं खत चौदाव्या दिवसाकडे डोळे लावून बसलेली असतात. गुऱ्हाळवाल्याचा भाव कधी कमी असतो, तरी रोख हातात पडते म्हणून ऊस तिकडे वळतो. तो शेतकरी अडाणी नसतो. उशिराची किंमत त्यानं मनात धरलेली असते.

लागणीची नोंद, तोडणीचा क्रम, वजनपावती, खात्यावर जमा झालेली रक्कम : या चारही ठिकाणी शेतकऱ्याला स्वतः ताडून पाहता आलं, तर ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ असं सांगायची पाळी येत नाही. मोबाइलवर आलेला वजनाचा संदेश त्यासाठी उपयोगाचा. बाहेरच्या काट्यावर आधी वजन करून आलेल्याशी हुज्जत न घालणारा कारखाना त्याहून उपयोगाचा.

अजूनही कित्येक घरांत भिंतीवरच्या तारेला वजनपावत्या टोचलेल्या दिसतात, हंगामामागून हंगाम. बिल आलं की त्या खाली उतरतात, एकेक आकडा जुळवला जातो. सगळे जुळले की पावत्या पुन्हा तारेवर जातात आणि त्याच कारखान्याला पुढची नोंद पडते.