फोटो नसलेल्या कवीचं घर

कवीचं स्मारक करायचं म्हटलं की आधी दर्शनी भिंतीवर लावायला त्याचा फोटो शोधतात. केशवसुतांच्या बाबतीत गाडी इथेच अडते. फोटो काढून घ्यायला ते तयारच नव्हते म्हणतात. खात्रीचं छायाचित्र एकही नाही. वस्तू तरी कुठून आणणार? केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले, नोकरीसाठी गावोगाव फिरलेला शाळामास्तर. ७ नोव्हेंबर १९०५ रोजी हुबळीत प्लेगने गेला, पाठोपाठ पत्नीही गेली. हयातीत स्वतःचं पुस्तक नाही. कवितांचा संग्रह मागाहून हरि नारायण आपट्यांनी काढला.

हाती उरलं होतं ते मालगुंड, म्हणजे १८६६ साली कवी जिथे जन्मला ते गाव. १९९० साली रत्नागिरीत मधु मंगेश कर्णिकांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरलं. अशा संमेलनांचा मांडव उतरला की उत्साहही उतरतो, पण इथे तसं झालं नाही. पुढच्याच वर्षी कर्णिकांच्या पुढाकाराने कोकण मराठी साहित्य परिषद उभी राहिली आणि तिने मालगुंडच्या स्मारकाचं काम अंगावर घेतलं. ८ मे १९९४ रोजी कुसुमाग्रजांच्या हस्ते स्मारकाचं उद्घाटन झालं.

जन्मघर जुन्या कोकणी वळणाचं राखलंय. आत त्या काळचं घरगुती सामान आहे. ते पाहायला फार वेळ लागत नाही. थांबावं ते बाहेर, बागेत. तिथे दगडांवर कविता कोरल्या आहेत, आणि येणारा माणूस त्या उभ्या उभ्या, बऱ्याचदा मोठ्याने वाचतो. शेजारच्या दालनात केशवसुतांनंतरचे मराठी कवी फोटो-कवितांसह भेटतात. एका माणसाच्या स्मारकात इतरांना एवढी जागा कशाला, असं कुणी विचारील. माझ्या मते या जागेचं मोठेपण तिथेच आहे. मराठीत सुनीत रुजवणाऱ्या, जुन्यावर ‘तुतारी’ फुंकणाऱ्या कवीचं घराणं रक्ताचं नव्हे, कवितेचं. ते दाखवल्याशिवाय त्याची ओळख पुरी होत नाही.

नाही म्हणायला एक खंत आहे. गणपतीपुळ्याची गर्दी दर्शन आणि मोदक उरकून माघारी वळते. मालगुंड तिथून जेमतेम दोन किलोमीटर. पुढच्या खेपेला गाडी तेवढी पुढे न्या. ‘तुतारी’ फक्त परीक्षेपुरती पाठ केलेलं एखादं पोर घरात असेल, तर त्याला आवर्जून सोबत घ्या.