गणित सोडून बायो घेताना

अकरावीचे प्रवेश सुरू झाले की पालक हमखास विचारतात, "सर, हिला बायोकडेच जायचंय. गणित सोडलं तर चालेल ना?" नियमाने चालतं. पण मी त्यांना आधी १९८३ सालची एक गोष्ट ऐकवतो.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. त्यांचे मुख्य प्रकार २०. प्रत्येकाला एकेक अक्षर दिलं की अख्खं प्रथिन अक्षरांच्या एका ओळीत मावतं. ही एकाक्षरी पद्धत मार्गारेट डेहॉफ या बाईंची. १९६५ साली त्यांनी तोवर माहीत असलेली ६५ प्रथिनं एका पुस्तकात गोळा केली. आज त्या आकड्याचं हसू येईल, पण सुरुवात तिथून झाली.

कॅलिफोर्नियातले रसेल डूलिटल अशा ओळी संगणकात साठवून ठेवत. जखम झाल्यावर रक्तातल्या बिंबिकांमधून एक प्रथिन बाहेर पडतं आणि आसपासच्या पेशींना 'वाढा' असा निरोप देतं. त्याच्या ओळीचा काही भाग हाती येताच त्यांनी तो साठ्याशी ताडून पाहिला. जुळला कशाशी? माकडांमध्ये कर्करोग करणाऱ्या एका विषाणूच्या जनुकाशी! लंडनमधल्या एका गटालाही त्याच सुमारास हेच सापडलं.

म्हणजे कर्करोगाचं ते जनुक परकं नव्हतंच. जखम भरून काढणारा शरीराचाच निरोप विषाणूने उचलला होता, आणि आता तो थांबत नव्हता. दोन्ही प्रथिनांवर वेगवेगळ्या प्रयोगशाळांत काम चाललं होतं. नातं दिसलं ते ओळी शेजारी ठेवल्यावर.

पण "हा योगायोग कशावरून नाही?" हा प्रश्न एखादं चुणचुणीत पोर विचारतंच. इथे गणित लागतं. वर्गात करून बघा: डब्यात २० वेगवेगळ्या अक्षरांच्या चिठ्ठ्या टाका. दोन गटांनी आपापल्या डब्यातून ५० वेळा चिठ्ठी काढायची, अक्षर लिहायचं, चिठ्ठी परत टाकायची. मग दोन्ही ओळी एकाखाली एक मांडा. एका जागी जुळण्याची शक्यता २० मध्ये १, म्हणून ५० जागांत सरासरी दोन-तीन जुळण्या. माझ्या वर्गात मुलं प्रत्येक जुळणीला ओरडतात. नंतर विचारा, ५० पैकी ४० जुळल्या तर काय म्हणाल?

अर्थात ओळ जुळली म्हणजे काम जुळलंच असं नाही. ते पेशींवर प्रयोग करूनच ठरवावं लागतं. पण कुठला प्रयोग करायचा, ते या जुळणीने सुचवलं.